पेनीवरचा क्रूस
इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्रीची रुप्याची पेनी पाहताना आम्ही राजमुद्रेपाशी फारसे थांबत नाही. पाठीवरचा क्रूसच आम्हांस अस्वस्थ करतो. लाकडी ओंडक्यात रोवलेला एक ठसा, त्यावर रुप्याची चकती, वर हाती धरलेला दुसरा ठसा आणि हातोड्याचा घाव, अशी ती घडे. कडा नीट गोल येत नसे. लबाड माणसे ती कातरून रुपे चोरीत. म्हणून ११८० पासूनचा आखूड क्रूस १२४७ साली काठापर्यंत लांबविला. भुजा छाटलेली दिसली की चोरी उघडी! (अर्ध्या पेनीसाठी मात्र त्याच रेषेवर नाणे सर्रास कापीत.) तरी कातरणे थांबले नाही. १२७८ च्या नोव्हेंबरात पहिल्या एडवर्डने देशभरातील यहुद्यांना त्या आरोपाखाली पकडले. पुढे शेकडो फासावर गेले. ख्रिस्ती आरोपीही धरले होते. त्यांतले बरेचसे दंड भरून घरी परतले.