कोण येणार?

निवडणूक लागली की एसटीत, सलूनमध्ये, चहाच्या टपरीवर एकच विचारणा: कोण येणार? कोण यावा असं वाटतं, हे सहसा कुणी विचारत नाही. एखाद्या उमेदवाराचं नाव निघालं तर उत्तर ठरलेलं असतं: ‘माणूस चांगला आहे हो, पण सीट निघायची नाही. मत कशाला वाया घालवायचं?’ असं म्हणणारे प्रत्येक गल्लीत भेटतात आणि त्या साऱ्यांची मतं दुसरीकडे जातात. मला याचं फार वाईट वाटतं.

या हिशेबात तथ्य नाही असं नाही. ज्याला सर्वाधिक मतं तो निवडून येणार, अशी आपली पद्धत आहे. तिथे नको असलेल्याला पाडायचं तर मतं एकवटावी लागतात. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत सांगलीकरांनी ते करून दाखवलं. महाविकास आघाडीचा अधिकृत उमेदवार होता पैलवान चंद्रहार पाटील. पण लढत देऊ शकेल तो अपक्ष उभा राहिलेला विशाल पाटीलच, असं लोकांनी ताडलं. एरवी अपक्षाला मत म्हणजे वाया, पण इथे अपक्ष सुमारे लाखाच्या फरकाने निवडून आला आणि अधिकृत उमेदवाराची अनामत गेली.

पण सांगलीकरांनी आधी काय हवं ते ठरवलं, मग अंदाज बांधला. बहुतेक ठिकाणी उलट घडतं. खेड्यात तर त्यामागे भीतीही असते. निकालानंतर फॉर्म 20 मध्ये केंद्रवार आकडे जाहीर होतात. पुढारी यादीवर बोट ठेवून विचारतो, ‘तुमच्या बूथवर आम्हाला इतकीच?’ मग रस्ता, पाण्याची टाकी, सभामंडप अडकतो. येणाऱ्याच्या बाजूला राहिलेलं बरं, असं गावाने म्हटलं तर त्याला दोष कसा द्यावा?

आणि ज्या अंदाजासाठी हे सारं करायचं, तो तरी कितपत खरा? 2004 मध्ये वाजपेयी सरकार परत येणार, असं बहुतेकांनी धरलं होतं. 2024 मध्ये एक्झिट पोलनी भाजपला स्वबळावर बहुमत दिलं. प्रत्यक्षात 240 जागा मिळाल्या. शिवाय आपल्याला हवा तोच येणार, असं माणसाला वाटतंच. म्हणजे अंदाजात इच्छा आधीच मिसळलेली असते.

म्हणून मला त्या ‘वाया गेलेल्या’ मतांचं मोल वाटतं. पडलेल्या उमेदवाराचे आकडेही त्याच फॉर्म 20 मध्ये छापले जातात, आणि पुढच्या वेळी कोण येणार याचा हिशेब मांडणारे आधी तेच आकडे काढून बसतात.