जुनी कल्पना कामाला कशी लागते?

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या प्रत्येक प्रकल्पात काही कल्पना वर्षानुवर्षं निघत राहतात. 'हे व्हायलाच हवं' यावर सगळ्यांचं एकमत होतं आणि चर्चा तिथेच विरते. स्वयंसेवकांच्या कामात पगार नसतो, साहेब नसतो. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायचा हुकूम कोणी कोणाला सोडायचा? तरीही अशा कल्पना तडीस जातात. माझं क्षेत्र सॉफ्टवेअर पॅकेजिंगचं. त्यातलं डेबियनचं एक काम मला या बाबतीत वस्तुपाठ वाटतं.

डेबियन ही १९९३पासून स्वयंसेवकांनी उभी केलेली लिनक्स प्रणाली. तिचा सोर्स कोड कोणीही वाचू शकतो. पण आपण संगणकावर चढवतो ती त्यातून तयार झालेली बायनरी. ती त्याच कोडमधून आली कशावरून? दोघांनी दोन संगणकांवर ती स्वतंत्रपणे तयार केली आणि बाइट न् बाइट जुळली, तर पडताळा मिळतो. हा विचार डेबियनमध्ये २००० साली आणि पुन्हा २००७ साली मांडला गेला. दोन्ही वेळा तो मागे पडला.

२०१३मध्ये स्वित्झर्लंडला भरलेल्या डेबकॉन्फ या डेबियनच्या परिषदेत 'ल्युनार' या नावाने परिचित जेरेमी बोबिओ यांनी तो पुन्हा हाती घेतला. या वेळी आधी मोजणी झाली. हजारो पॅकेजेस दोनदा बांधली, तेव्हा सुमारे २४ टक्के जुळली. मग न जुळण्याची कारणं शोधली गेली: कुठे बायनरीत बांधणीची तारीख-वेळ शिरलेली, कुठे फाइलींचा क्रम डिस्क देईल तसा, कुठे टाइमझोनचा किंवा फोल्डरच्या पत्त्याचा परिणाम. दोन बायनरींमधला फरक उलगडून दाखवणारं 'डिफोस्कोप' हे साधन तयार झालं. तारखेच्या दुखण्यावर २०१५मध्ये 'सोर्स डेट इपॉक' हा सामाईक संकेत ठरला. पुढे जीसीसी कंपायलरनेही तो स्वीकारला.

माझ्या मते खरं वळण इथेच आहे. 'सगळं जुळवा' हे काम कोणाच्याही आवाक्यातलं नव्हतं. 'या पॅकेजमध्ये फाइलींची यादी आधी क्रमाने लावा' हे काम नोकरी सांभाळणारा माणूस एका संध्याकाळी करू शकतो, पॅच मूळ लेखकाकडे पाठवू शकतो आणि त्याचा परिणाम पुढच्या आकड्यांत पाहू शकतो. नियम सगळ्यात शेवटी आला: पॅकेज पुनःपुन्हा तसंच बांधलं जावं, ही अपेक्षा डेबियनच्या धोरणात २०१७मध्ये नोंदली गेली. तोवर बहुतांश पॅकेजेस जुळू लागली होती, म्हणून तो कोणाला जाचला नाही.

मराठीतही अशी एक कायमची मागणी आहे: चांगला शुद्धलेखन तपासनीस. हनस्पेल या मुक्तस्रोत तपासनिसाचा मराठी शब्दसंग्रह आज उपलब्ध आहे. 'घरातल्यांनाही' यासारखी प्रत्ययांची साखळी हा कोणत्याही तपासनिसापुढचा अवघड पेपर. म्हणून सुरुवात मोजणीने करावी. काळजीपूर्वक तपासलेला मजकूर हनस्पेलला तपासायला द्या आणि बरोबर असूनही लाल रेघ आलेले शब्द मोजा. मग त्यांचे गट पाडा: विभक्ती, शब्दयोगी अव्ययं, विशेषनामं, नवे शब्द. व्याकरण जाणणाऱ्याला एक गट द्या, प्रोग्रामरला दुसरा, आणि आकडा दर महिन्याला सर्वांसमोर मांडा. पुण्यातली, नागपुरातली, पणजीतली महाविद्यालयीन मुलं हे काम याच सत्रात सुरू करू शकतात.