सोवळ्यातला स्वयंपाक

खाजकुयली ठाऊक नाही असा माणूस कोकणात सापडणे कठीण, आणि तिचा प्रसाद घेऊन तिला विसरलेला माणूस सापडणे त्याहून कठीण. आमच्या आरोंद्याला तेरेखोलच्या खाडीकडे उतरणाऱ्या पाणंदीत कुंपणावर तिचे वेल चढत. पावसाळा सरता सरता जांभळ्या, जवळजवळ काळ्या फुलांचे घोस लोंबू लागत, आणि थंडीत शेंगांवर अशी काही सोनेरी लव धरे की मखमलीने लाजावे. त्या मखमलीला एकदा हात लागला, की शेण, ताक, राख, जे सापडेल ते चोळत माणूस घरभर नाचतो. मास्तरांच्या खुर्चीवर ही लव पसरण्याचा पराक्रम प्रत्येक पिढीत एखादे तरी पोर करतेच. आमच्या वेळी ती खुर्ची बहुधा माझ्या वडिलांची असे.

संस्कृतात या वेलीला कपिकच्छू म्हणतात, आणि आत्मगुप्ता असेही म्हणतात. पहिल्या नावात माकडांची फजिती आहे. मला दुसरे आवडते. 'गुप्त' म्हणजे राखलेले, आणि गुप्त म्हणजे लपवलेलेही. या बाईने काय राखले होते आणि काय लपवले होते, ते मला कळले मात्र अण्णांच्या अक्षरावरून.

अण्णा आणि आई आरोंद्याला असतात, मी मुंबईला. घरात फोन आहे. तरी अण्णा महिन्याला एक अंतर्देशीय पत्र लिहितात. फोनवर बोललेले उरत नाही, असे त्यांचे म्हणणे. पस्तीस वर्षे मुलांची अक्षरे वळवण्यात घालवलेला हा माणूस. त्यांचा 'श्री' पाहावा तो एखाद्या मंदिराच्या कमानीसारखा. पण पाच वर्षांपूर्वी पत्रांत एक चमत्कार दिसू लागला. ओळीच्या आरंभी हरभऱ्याएवढी असलेली अक्षरे ओळ संपेपर्यंत मोहरीएवढी होत. शिरोरेषाही उतरणीला लागल्यासारखी खाली घसरे. आई म्हणाली, "कागद वाचयतत, दुसरा काय!" मराठीच्या अध्यापकाला जन्मभर दुसऱ्यांची अक्षरे लावावी लागतात, दरसाल उत्तरपत्रिकांचे गठ्ठे उपसताना माणसाचा हात कसा चालतो हे आपोआप कळू लागते. हा हात कागद वाचवणारा नव्हता.

त्याआधी वर्षभर त्यांचा उजवा खांदा दुखत होता. गावाने त्याला वात ठरवून नारायण तेल, शेक, एरंडाचे पान असे सगळे उपचार करून पाहिले होते. मुंबईच्या मेंदूतज्ज्ञांनी खांद्याकडे पाहिलेच नाही. त्यांनी अण्णांना दोन ओळी लिहायला सांगितल्या, चालायला सांगितले, आणि मग विचारले, "वास येतात का?" मला एकदम आठवले. गेल्या दोन उन्हाळ्यांत घरात फणस पिकल्याची वार्ता सर्वांत उशिरा अण्णांना लागली होती. चालताना उजवा हात झुलत नव्हता, चेहरा थोडा स्थिर झाला होता. निदान झाले : पार्किन्सन, म्हणजे आपला कंपवात. गंमत अशी की कंप तेव्हा नव्हताच. पुष्कळांचा हा आजार खांद्याच्या दुखण्यातून आणि हरवलेल्या वासातून आत शिरतो, थरथर मागाहून येते. हात थरथरू लागेपर्यंत मेंदूच्या त्या भागातील निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात.

त्या पेशींचे काम डोपामिन नावाचे द्रव्य बनवण्याचे. हालचालीचा हुकूम बिनबोभाट पाळला जातो तो या द्रव्याच्या जोरावर. १९६० साली व्हिएन्नात एरिंगर आणि होर्निकीविच यांनी या आजाराने गेलेल्यांच्या मेंदूत ते फार थोडे उरलेले असते हे दाखवले. मग बाहेरून डोपामिनच का देऊ नये? तुम्ही विचाराल, मीही विचारले. तर ते मेंदूत शिरत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक कडक उंबरा आहे. माझी आजी नैवेद्याच्या दिवशी बाहेरचे शिजलेले अन्न चुलीजवळ येऊ देत नसे. शिधा मात्र खुशाल घेई आणि आपल्या हाताने रांधी. मेंदूचे सोवळे नेमके हेच आहे. तयार डोपामिन दारातच अडते. एल-डोपा हा त्याचा शिधा आत जातो, आणि उरल्यासुरल्या पेशी तो रांधून घेतात. शिधा वाटेतच, पोटात-रक्तात, शिजून जाऊ नये म्हणून गोळीत कार्बिडोपा नावाचा एक राखणदारही घालतात.

हाच शिधा खाजकुयलीने आपल्या बीत लपवून ठेवला होता. मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ सालीच तो त्या बियांतून वेगळा काढला. तेव्हा त्याचा उपयोग कोणास ठाऊक नव्हता. पुढे १९७८ साली मुंबईत डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपवाताच्या रोग्यांना ही बी देऊन पाहिली आणि गुण आल्याचे प्रसिद्ध केले. १९९५ साली साठ रोग्यांवर बारा आठवडे प्रयोग झाला. २००४ साली लंडनला आठ रोग्यांवर काटेकोर तुलना केली, तेव्हा तीस ग्रॅम पुडीचा असर सुमारे पस्तीस मिनिटांत दिसला आणि नेहमीच्या गोळीला जवळजवळ दुप्पट वेळ लागला. आठ म्हणजे फारच थोडे, हे खरे. हे वाचून मी आनंदाने डॉक्टरांकडे गेले. ते हसले आणि म्हणाले, "रानातली बी आणून कुटू नका हं. एका बीत किती आहे आणि दुसरीत किती, हे तुम्ही कशाने मोजणार?" पुडीही नाही, गोळीच ठरली.

गोळीचेही एक सोवळे आहेच. प्रथिनांचा आणि तिचा आत शिरण्याचा मार्ग एकच. त्यामुळे गोळी जेवणाआधी अर्धा तास तरी घ्यावी लागते, नाहीतर दारात धक्काबुक्की होते. ज्या घरात बांगड्याच्या तिखल्याशिवाय दुपार होत नाही तिथे हे पथ्य सांगायला धैर्य लागते. आईने ते सांगितले. आता अकराला गोळी, साडेअकराला ताट.

खांदा मात्र अजून अधूनमधून दुखतो, आणि वेदनेच्या वाटेनेच मी या विद्येत आणखी थोडी पुढे गेले. मेंदूच्या या चुलीवर डोपामिनच शिजते असे नाही. स्टेरॉइडे म्हणजे मूत्रपिंडांवरच्या आणि जननाच्या ग्रंथींची मालमत्ता, असा पूर्वी समज होता. पॅरिसचे एत्येन-एमिल बोलिओ यांनी १९८१ साली उंदरांच्या मेंदूत त्यांतले एक स्टेरॉइड रक्तातल्याहून अधिक प्रमाणात दाखवले. त्या ग्रंथी काढून टाकल्या तरी ते तिथे राहिले. बोलिओ २०२५ साली अठ्ठ्याण्णव वर्षांचे होऊन गेले. स्ट्रासबुर्गचे आयिको गी मेन्सा-न्यागान आणि त्यांचे सहकारी हाच धागा धरून वेदनेकडे गेले. जखमेची बातमी मेंदूकडे धाडणारा जो मज्जारज्जू, त्यातल्या पेशीदेखील अशी स्टेरॉइडे बनवतात, आणि त्यांपैकी अलोप्रेग्नॅनोलोन हे वेदनेची बातमी हळू आवाजात सांगायला लावते. कर्करोगावरच्या एका औषधाने मज्जातंतू दुखावलेल्या उंदरांची वेदना त्यांनी त्याने कमी केली. अल्झायमरने गेलेल्या माणसांच्या मेंदूत हेच द्रव्य कमी असल्याचे २००६ साली दुसऱ्या एका गटाला आढळले. गेलेल्या पेशी परत आणणारे औषध मात्र अजून कुणाच्याच चुलीवर तयार झालेले नाही. अण्णांची गोळीदेखील उरलेल्यांकडून काम करून घेते, त्यांचे जाणे थांबवत नाही.

गणपतीत गेले तेव्हा ओसरीवर बसून हे सगळे मी अण्णांना सांगितले. त्यांनी मुलाचा धडा ऐकावा तसे ऐकून घेतले. मग म्हणाले, "उंदरांका बरा वाटला, बरा झाला. माणसांचा कधी गो बाय?" मी म्हटले, "बघतायत, अण्णा." त्यावर त्यांनी मान हलवली, डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवला आणि आईला चहा टाकायला सांगितले.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एक युक्ती सांगितली आहे. या आजारात हात आपल्या आपण मोठे लिहीत नाही, पण डोळ्यांपुढे रेघ असली तर तिला धरून लिहितो. पायांचेही तसेच; चालता चालता पाऊल जमिनीला चिकटले, की समोर आडवी रेघ असली तर माणूस ती ओलांडतो. तेव्हा आईने माजघरापासून ओसरीपर्यंत हातहातभर अंतरावर चुन्याच्या रेघा ओढल्या आहेत, आणि अण्णांनी शिरोड्याच्या बाजारातून पहिलीच्या मुलांची दुरेघी वही मागवली आहे. अंतर्देशीय बंद झाले. पत्रे आता त्या वहीची पाने फाडून पाकिटात येतात. गेल्या महिन्याच्या पानावर सात ओळी होत्या. पाच ओळी दोन्ही रेघांना टेकून, ताठ. सहावी आणि सातवी जराशी आखडलेली. खाली समासात त्यांनी स्वतःच लाल पेन्सिलीने दहापैकी सहा गुण दिले होते.