सप्टेंबरचा राग

२८ सप्टेंबर २०११च्या रात्रीबद्दल बॉस्टनच्या माणसाला विचारू नये. बाल्टिमोरला बेसबॉलचा सामना होता. बॉस्टनचा संघ रेड सॉक्स ३-२ने पुढे, नववी इनिंग, दोन गडी बाद, बेसवर कुणी नाही आणि चेंडू जोनाथन पापलबॉनच्या हातात. मग लागोपाठ तीन फटके बसले. शेवटचा रॉबर्ट अँडिनोचा. कार्ल क्रॉफर्ड घसरत चेंडूखाली आला, पण चेंडू ग्लव्हमधून निसटला आणि सामना गेला. काही मिनिटांतच तिकडे फ्लोरिडात टँपा बेच्या इव्हान लाँगोरियाने होम रन मारली, आणि प्लेऑफचीही आशा संपली. महिन्याच्या सुरुवातीला टँपा बेवर नऊ सामन्यांची आघाडी होती. त्या सप्टेंबरात संघ सात जिंकला, वीस हरला.

दोन दिवसांत मॅनेजर टेरी फ्रँकोना गेला. ८६ वर्षांनी, २००४मध्ये, वर्ल्ड सिरीज मिळाली ती त्याच्या कारकिर्दीत, २००७चीही त्याच्याच. नोव्हेंबरात पापलबॉन फिलाडेल्फियाला गेला, चार वर्षांचे पाच कोटी डॉलर घेऊन. पैशाच्या मागे गेला, बरं झालं, ब्याद टळली, असं लोक उघड बोलू लागले.

हा राग मला समजतो. एप्रिल ते सप्टेंबर १६२ सामने, म्हणजे जवळजवळ रोजचा सहवास. स्वयंपाक करताना रेडिओवर तीच नावं कानावर पडतात, घरातल्या माणसांसारखी. अशा माणसाने घात केला की परक्यापेक्षा जास्त लागतं. पण ‘पैशाच्या मागे’ हा आरोप मला पटत नाही. मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा भरेपर्यंत आपण कुठल्या संघाकडून खेळायचं हे सहसा खेळाडूच्या हातात नसतं. ती वर्षं भरल्यावर पहिल्यांदा त्याला निवड करता येते, आणि नेमकी तीच निवड चाहत्यांना बेइमानी वाटते. क्लब खेळाडूला विकतो तेव्हा त्याला कुणी बेइमान म्हणत नाही.

मला जास्त लागलं ते टिम वेकफिल्डचं जाणं. पिट्सबर्गने सोडून दिलेला हा पिचर १९९५ला बॉस्टनला आला आणि १७ मोसम राहिला. तो नकलबॉल टाकायचा. बोटांची टोकं चेंडूत रुतवून जवळपास फिरकी न देता सोडलेला, इतरांच्या मानाने अगदी संथ चेंडू हवेत डगमगत यायचा. तो कुठे वळेल हे बॅटरला कळत नसे, आपल्याच कॅचरलाही नाही. २००३मध्ये यांकीजविरुद्ध मोसम संपवणारी होम रन त्याच्याच चेंडूवर बसली. पुढच्याच वर्षी, त्याच यांकीजविरुद्ध, इतर पिचरांना विश्रांती मिळावी म्हणून त्याने सामना सुरू करण्याची स्वतःची ठरलेली पाळी सोडली आणि हरत चाललेल्या सामन्यात तो चेंडू टाकत राहिला. ती मालिका बॉस्टनने जिंकली.

२०११च्या सप्टेंबरात, पंचेचाळिसाव्या वर्षी, कितीतरी प्रयत्नांनंतर त्याला २००वा विजय मिळाला. त्यातले १८६ रेड सॉक्ससाठी. क्लबचा विक्रम १९२चा. तो आपल्याला हवा आहे, हे त्याने लपवलं नव्हतं. त्या कडू दिवसांत तेवढंही काहींना खुपलं. फेब्रुवारीत तो निवृत्त झाला, सहा विजय कमी असताना. संघ कोसळला म्हणून सतरा वर्षं खपलेल्या माणसाने एवढी इच्छाही धरू नये, हे मला तेव्हाही क्रूर वाटलं होतं.

एप्रिल २०१२मध्ये रेड सॉक्सच्या मैदानाला, फेनवे पार्कला, शंभर वर्षं झाली. ज्या तऱ्हेने आपल्याला जावं लागलं ते फ्रँकोनाच्या मनाला लागलं होतं, आधी त्याने यायला नकारच दिला होता. तरी तो आला, आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पापलबॉनच्याही वाट्याला अशा टाळ्या याव्यात, असं मला मनापासून वाटतं. डेन्व्हरला २००७च्या वर्ल्ड सिरीजचा शेवटचा गडी त्यानेच बाद केला होता. आणि आघाडी राखून सामना संपवण्याचे त्याचे २१९ सेव्ह क्लबच्या यादीत अजूनही सगळ्यात वर आहेत.