आबांची ब्रीफकेस आणि मुस्तफा

गंगापूर रोड, नाशिक

चि. भाचीबाईस,

आबांच्या ब्रीफकेसमध्ये बसवायच्या गेम मशीनचं तू पाठवलेलं चित्र पाहिलं. झाकणात स्क्रीन, खाली एक जॉयस्टिक, शेजारी सहा बटणं आणि कोपऱ्यात रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर. चित्र सुरेख काढलंयस. आबांच्या बॅगेला हात लावायची परवानगी ताईकडून मी मिळवून देतो, त्याची काळजी नको. पण तू काढलेलं मशीन एकटीनं खेळायचं आहे आणि माझं भांडण तेवढ्याशीच आहे. एकटीनं खेळायला खिशात मोबाइल आहे की! त्यासाठी बॅग कापायची कशाला?

आमच्या काळी व्हिडिओ गेम पार्लरमध्ये एका मशीनवर राज्य होतं: मुस्तफा. खेळाचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. कॅपकॉमनं तो १९९३ मध्ये काढला, मार्क शुल्ट्झ यांच्या 'झेनोझोइक टेल्स' या चित्रकथेवरून. खेळाचं ते खरं नाव घेतलेलं मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. चार पात्रांतला मुस्तफा पळत येऊन उडती लाथ मारायचा, म्हणून खेळालाच त्याचं नाव पडलं. मुंबई असो की मालेगाव, नाव तेच. एका वेळी तिघं खेळायची, मागे बघ्यांची गर्दी, आणि सगळ्यात मोठा आवाज ज्याच्या खिशात टोकन नाही त्याचा.

आता या मशीनला बटणं किती होती बघ. माणशी दोन. एक मारायचं, एक उडीचं. दोन्ही एकदम दाबली की खास फटका बसायचा आणि त्याच्या बदल्यात आपलीच थोडी शक्ती जायची. तुझी सहा बटणं 'स्ट्रीट फायटर टू'ची आहेत, तीन ठोशांची आणि तीन लाथांची. सहा-सहाचे दोन संच ब्रीफकेसच्या रुंदीत बसत नाहीत. दोन-दोनचे बसतात, फक्त खेळताना कोपराला कोपर लागतं. लागू दे. मुस्तफाच्या पार्लरमध्येही लागायचंच.

पेटी उघडायची आणि भोवती माणसं जमवायची, हा उद्योग आपल्याकडे जुना आहे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ पासून 'शांबरिक खरोलिका' दाखवली. मॅजिक लँटर्नमध्ये हातानं रंगवलेल्या काचा सरकवून पडद्यावरची चित्रं हलवायची, सोबत संवाद आणि संगीत. पुढे त्यांच्या मुलांनी तो खेळ चालवला. हा खेळ सुरू झाला तो सिनेमा यायच्या आधी.

असो. आता बॅगेकडे वळू. आबांची बॅग व्हीआयपीची आहे. व्हीआयपीचा कारखाना आपल्या सातपूरच्या एमआयडीसीत, तेव्हा तिचं माहेर नाशिकच असेल असं मी धरून चालतो. अशा जुन्या कडक बॅगांचं कवच बहुधा पॉलिप्रॉपिलीनचं असतं. त्याच्यावर फेविक्विक धरत नाही आणि ॲराल्डाइटही. आज चिकटलेलं आठवड्याभरात सुटून हातात येतं. म्हणून काहीही चिकटवायचं नाही. आतून लाकडी पट्ट्या लावायच्या, त्या बाहेरून स्क्रूनं किंवा पॉप रिव्हेटनं आवळायच्या आणि बटणांची पाटी त्या पट्ट्यांवर बसवायची. कुलपाची यंत्रणा पुढच्या कडेला आत आलेली असते, तिथे जॉयस्टिकची पत्र्याची पट्टी अडते. तेवढी जागा सोड.

खरी अडचण उंचीची आहे. जॉयस्टिक पाटीखाली तीनेक सेंटिमीटर जाते आणि वर दांडी न् गोळा मिळून आणखी सहाएक. झाकण मिटलं की गोळा नेमका स्क्रीनवर टेकणार. उपाय सोपा आहे. सान्वासारख्या जपानी जॉयस्टिकचा गोळा सहा मिलिमीटरच्या आट्यावर बसवलेला असतो. दांडीच्या खालच्या टोकाला खाच असते, तिच्यात स्क्रूड्रायव्हर धरायचा आणि वरून गोळा फिरवायचा, की तो निघून हातात येतो. पण बंद पाटीखाली दर वेळी स्क्रूड्रायव्हर कोण घालणार? म्हणून वरच्या वर सुटणारी दांडी मिळते, ती घे. बॅग मिटताना दोन्ही दांड्या काढून मागच्या खिशात टाकायच्या.

पाटीला तीन मिलिमीटर ॲक्रिलिक पुरे. बटणांना तीस मिलिमीटरची भोकं, स्टार्ट आणि कॉइनच्या छोट्या बटणांना चोवीसची. घरी ड्रिल मारू नकोस, ॲक्रिलिक कडेला तडकतं. अंबडला लेझर कटिंगवाले आहेत, फाइल दिली की भोकं साबणासारखी गुळगुळीत करून देतात.

स्क्रीन नवा घेऊ नकोस. बंद पडलेल्या लॅपटॉपचा पंधरा इंची पॅनेल झाकणात बसतो. त्याच्या पाठीवर मॉडेल नंबर असतो, तो दाखवून त्याच पॅनेलचा कंट्रोलर बोर्ड मागव. बोर्डाला लागतात बारा व्होल्ट आणि पायला पाच, म्हणून बारा व्होल्ट पाच अँपिअरचा एकच अडॅप्टर घ्यायचा आणि बक कन्व्हर्टरनं पाच काढायचे. लिथियमचे सेल आणून स्वतः डाग देत बसू नकोस, हे मी मामा म्हणून सांगतोय. तापलेल्या सोल्डरनं सेल बिघडतो, आणि बिघडलेला सेल बंद पेटीत नको.

झाकणात स्क्रीन गेला की उघडलेली बॅग मागे कलंडते, तेव्हा जड सामान पुढच्या कडेला ठेव. बिजागरीपाशी तारांना ढील दे, नाहीतर उघडमिटीनं त्या तिथेच तुटतात. आणि हवेला वाट ठेव. पाय ऐंशी अंशांच्या वर गेला की आपणहून वेग कमी करतो, आणि मे महिन्यात आपलं नाशिकही काही थंड राहिलेलं नाही. चाळीस मिलिमीटरचा पंखा आणि दोन बाजूंना जाळी, एवढं पुरे.

राहिले खेळ. पार्लरचे जुने खेळ कॉम्प्युटरवर चालवणारा मेम हा प्रोग्राम इटलीच्या निकोला साल्मोरियानं १९९७ मध्ये सुरू केला. तो फुकट आहे, पण त्यावर चालणारे खेळ ज्याचे त्याच्या मालकीचे. 'ग्रिडली' आणि 'रॉबी रोटो'सारखे थोडे खेळ मालकांनी खासगी वापरासाठी मोकळे केलेत. बाजारात 'दहा हजार खेळ' भरलेली कार्डं मिळतात, त्यांच्या नादी लागू नकोस. आम्ही '९९९९ इन १'ची व्हिडिओ गेमची पिवळी कॅसेट पाहिलेली पिढी, तेच चार-दोन खेळ नावं बदलून फिरत असायचे. तेव्हा माझा आग्रह मुस्तफाचा नाही, मुस्तफाच्या मांडणीचा आहे. तू पायथन शिकतेस ना? पायगेममध्ये दोन जॉयस्टिक आणि चार बटणांचा खेळ तूच लिही.

कॉइनचं बटण मात्र विचार करून ठेव. पार्लरचा खेळ तुला दोन-तीन मिनिटांत मारण्यासाठीच बेतलेला असतो, म्हणजे पुढचं नाणं पडतं. घरी बटण दाबून हवी तेवढी नाणी मिळाली की कुणीही शेवटपर्यंत जातो आणि दुसऱ्या दिवशी बॅग माळ्यावर जाते. माझं म्हणणं, माणशी तीन नाणी. संपली की उठायचं आणि मागे उभ्या असलेल्याला जागा द्यायची.

दिवाळीत येशील तेव्हा बॅग घेऊन ये. आतले आबांचे कागद आधी ताईकडे दे, त्यात घरपट्टीच्या जुन्या पावत्या आहेत. त्याआधी नवं चित्र पाठव, दोन जॉयस्टिकचं. मापं मिलिमीटरमध्ये लिही, अंबडचे लेझरवाले सेंटिमीटर घेत नाहीत.

तुझा,
मामा