बाणावरचा शब्द

मराठीच्या एम.ए.च्या वर्गात मागच्या बाकावर बसायची परवानगी मी मागून घेतली होती. मॅडम ‘शेतकऱ्याचा असूड’ शिकवणार होत्या आणि टेबलावर चार्टपेपरची गुंडाळी होती.

जोतीराव फुल्यांच्या या १८८३ च्या पुस्तकातल्या सुरुवातीच्या ओळी शाळांच्या भिंतींवरही दिसतात. मुलं त्या न अडखळता म्हणतात आणि तिथंच थांबतात. मॅडमनी त्या म्हणायला लावल्याच नाहीत. त्या ओळींतल्या विद्या, मती, नीती, गती, वित्त अशा पाच चौकटी काढा, बाणांनी जोडा, प्रत्येक बाणावर शब्द लिहा, एवढंच सांगितलं.

चौकटी दोन मिनिटांत झाल्या. बाणांवर मात्र स्केचपेनं थबकली. एका गटात मती आणि नीती यांच्यामध्ये चार वेळा खाडाखोड झाली.

ही रीत कॉर्नेल विद्यापीठातली. १९७० च्या दशकात जोसेफ नोवाक आणि त्यांचे सहकारी मुलांना विज्ञान कितपत उमगतं हे तपासत होते. मुलाखतींच्या ढिगातून नेमकं काही हाती लागेना, तेव्हा संकल्पना नकाशा निघाला. पाया डेव्हिड ऑसुबेल यांचा : नवं ज्ञान आधीच्या ज्ञानाला बांधलं गेलं तर टिकतं. माइंड मॅपशी याची नेहमी गल्लत होते. इथे दोन चौकटी आणि मधला शब्द मिळून पुरतं विधान व्हावं लागतं. म्हणजे ते चूकही ठरू शकतं.

“मॅडम, उलटा बाण चालेल?” एका मुलीनं विचारलं. तिनं वित्तापासून थेट विद्येकडे रेघ ओढली आणि वर लिहिलं, ‘फी’. वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. सरकारी उत्पन्न रयतेच्या कष्टातून येतं, शिक्षणाचा लाभ मात्र वरचे वर्ग घेतात, हे फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढच्या निवेदनात मांडलं होतं, ते मॅडमनी सांगितलं. मग पुस्तकं उघडली. जंगल खातं आलं, गेलेली चराऊ राने आली, कारकून आले. सरळ साखळीचं जाळं झालं.

गुणांचं काय? नोवाक आणि गोविन यांच्या १९८४ च्या पुस्तकात नकाशाच्या दूरच्या भागांना जोडणाऱ्या दुव्याला १० गुण आहेत. मॅडमनी एका वर्षी ते लावून पाहिले, तर मुलांनी दिसेल ते दिसेल त्याला जोडून जिलेब्या पाडल्या. आता त्या गुण देत नाहीत. बाणांवरचे शब्द तेवढे वाचतात.

फुल्यांचा उपहास मात्र या चौकटींत मावत नाही, हे मला तिथं बसल्या बसल्या खटकत होतं. एका मुलालाही ते जाणवलं असावं. त्यानं कागदाच्या कोपऱ्यात ‘संताप’ अशी चौकट काढली होती. तिला बाण एकही नव्हता.

“सगळ्यांनाच जोडून टाक,” शेजारचा म्हणाला.

“जोडीन रे. पण वर लिहू काय?”

तास संपला तरी तो स्केचपेनचं टोपण काढत-लावत बसला होता.