खोटा बेडूक

बीड जिल्ह्यातल्या माणसाने मासेमारीवर लेख लिहावा, याची माझ्या कोकणातल्या स्नेह्यांना गंमत वाटेल. आमचा जिल्हा ओळखला जातो तो दुष्काळासाठी. २०१६ साली मांजरा धरण कोरडे पडले आणि शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सगळ्या देशाने वाचले. अशा मुलखात मासा तो काय असणार, असे कोणीही म्हणेल. पण पाणी येथे बारा महिने नसते म्हणूनच ते आले की त्याच्याकडे आम्ही फार बारकाईने पाहतो. आणि पाण्याकडे बारकाईने पाहणाऱ्याला मासा दिसल्यावाचून राहत नाही.

माजलगावजवळ सिंदफणेवर धरण आहे. सिंदफणा बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते आणि पुढे गोदावरीला मिळते. एरवी ती पावसाळ्यापुरतीच नदी; परंतु पैठणच्या नाथसागराचे पाणी उजव्या कालव्याने या धरणात येऊन पडते. म्हणजे नाशिककडच्या डोंगरांवर कोसळलेला पाऊस पुष्कळ प्रवास करून आमच्या मरळीच्या वाट्याला येतो. धरणात सोसायटीने सोडलेली रहू-कटल्याची बोटुकली असतात, न सोडता पसरलेली चिलापी असते. पण मरळीला कोणी सोडावे लागत नाही. ती जुन्या नदीची मूळची रहिवासी आहे.

भाद्रपदातल्या एका रविवारी, तांबडे फुटायच्या आत, मी आबांबरोबर त्या पाण्यावर गेलो. आबा भोई आहेत. त्यांची नात माझ्या चौथीच्या वर्गात आहे, एवढीच आमची ओळख. पण खेड्यात मास्तराला एवढी ओळख पुरते. माझ्या घरात मासा शिजत नाही, हे आबांना ठाऊक होते. “खायाचं नगा, बगायला तरी चला गुरुजी,” ते म्हणाले होते.

त्यांचे वाहन म्हणजे थर्माकोलचा तराफा. जाड तुकडे पोत्यात भरायचे, तंगुसाने आवळायचे आणि वर मांडी ठोकून बसायचे. वल्हे म्हणून दोन हातांत दोन आखूड फळ्या. पाणी आणि माणूस यांच्यामध्ये वीतभर वस्तू. उत्तर ध्रुवाकडचे इनुइट लोक सीलच्या कातड्याची एका माणसापुरती होडी करतात, तिला कयाक म्हणतात. त्यांच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ शिकाऱ्याची होडी असा सांगतात. आज जगभर समुद्रकाठचे हौशी लोक प्लॅस्टिकच्या कयाकमध्ये बसून मासे धरतात. आबांनी कयाक हा शब्द ऐकलेला नाही. पण पाण्याला अंग टेकवून, आवाज न करता माशाच्या जवळ जावे, ही युक्ती बर्फातल्या माणसाला सुचली तशी बालाघाटाखालच्या माणसालाही सुचली. मोठ्या तराफ्यावर आबा आणि मी होतो. लहान तराफ्यावर त्यांचा मुलगा एकटा, आमच्या पुढे.

मुलाच्या हातात रिळाची काठी होती आणि तंगुसाच्या टोकाला रबराचा बेडूक. हिरवी पाठ, पिवळे पोट, मागे दोन झिरमिळ्या. पोकळ अंगावर दोन गळ पाठीला असे चिकटून बसवलेले, की गवतात अडकू नयेत. माशाने जबडा मिटला की बेडूक चपटा होतो आणि गळ उघडे पडतात. “म्या जित्त्या बेंडकावर मरळ धरली,” आबा म्हणाले. “ह्यो खोट्यावर धरतो. मरळीला काय कळतंय?”

खोट्या आमिषाची एक हकीकत मला ठाऊक होती, ती मी त्यांना सांगितली. फिनलंडमध्ये लौरी रापाला नावाचा एक गरीब कोळी होता. तळ्यावर वल्हवता वल्हवता त्याच्या ध्यानात आले की, मोठा मासा थव्यातला कोणताही मासा उचलत नाही. जो डळमळत, अडखळत पोहतो त्यालाच नेमका धरतो. १९३६ साली त्याने बुचाच्या लाकडाचा मासा कोरला, त्याला चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी लावली, वरून छायाचित्रांच्या फिती वितळवून त्यांचा लेप दिला आणि त्या माशाला जखमी माशासारखे डळमळायला शिकवले. पुढे तो जगभर विकला गेला. आबांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “मंजी डळमळनाराच घावतो. खरं हाय.”

उजाडू लागले होते. बुडालेल्या बाभळींचे वाळलेले सांगाडे पाण्याबाहेर उभे होते आणि त्यांवर पाणकावळे पंख पसरून बसले होते. काठाशी बेशरमीची झुडपे अर्धी पाण्यात होती. मरळ अशाच जागी असते. तिला कल्ल्यांवर भागत नाही. वरची हवा घ्यायला ती थोड्या थोड्या वेळाने वर येते, आणि म्हणूनच पाण्याबाहेर काढल्यावरही कितीतरी वेळ जिवंत राहते. आजाऱ्याला अंगी ताकद यावी म्हणून आमच्याकडे मरळ देतात. आम्ही १९४८ पर्यंत निजामाचे. त्या हैदराबादेत मृग नक्षत्र निघाले की दम्याच्या रोग्यांना औषध घातलेले जिवंत मरळीचे पिल्लू गिळायला देतात. शास्त्र त्याला मान्यता देत नाही, तरी रांगा लागतात. या माशाच्या चिवटपणावर लोकांचा फार विश्वास आहे.

झुडपांपाशी आबांनी फळ्या थांबवल्या. पुढे हातभर पाण्यावर शेंदूर सांडल्यासारखे काही थरथरत होते. क्षणात खाली जाई, पुन्हा वर येई. “पिलं हायेत,” आबा हलकेच म्हणाले. मरळीची पिले लहानपणी तांबूस असतात आणि हवा घ्यायला घोळक्याने वर येतात. त्यांच्या खाली नर-मादी दोघे राखण करतात. त्या दिवसांत घोळक्याच्या अंगावर जे येईल त्यावर ती तुटून पडतात. तेव्हा भुकेचा प्रश्न नसतो.

मुलाने बेडूक घोळक्यापलीकडे फेकला आणि त्यावरून ओढत आणला. काही झाले नाही. दुसऱ्यांदा पाणी नुसते फुगले.

“लेकरावर हाय रे ती,” आबा म्हणाले.

मुलाने मान न वळवता उत्तर दिले, “आबा, हिला सोडलं तर मुकादम मला सोडणार हाय का?”

तिसऱ्या वेळी बेडूक घोळक्याच्या मधोमध थांबला. पाणी फुटले. काठी वाकली, हलका तराफा माशामागे हातभर ओढला गेला, आणि थोड्या वेळाने काळसर, जाड अंगाची मरळ पोत्यावर आपटत होती. पिले पांगली. खंड्याने एकदोनदा सूर मारला. मग शेंदूर पुन्हा गोळा होऊ लागला. “दुसरी हाय खाली,” आबा म्हणाले. ते मला की स्वतःला, हे कळले नाही.

मुकादमाचे नाव निघाले होते, तेव्हा परततांना मी विचारले. दसरा झाला की आमच्या जिल्ह्यातली लाखो माणसे ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ते चैत्रापर्यंत. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. हंगामाआधी मुकादम पैसे देतो, ती उचल. मग ती फिटेपर्यंत तोडायचे. मुकादम काही राक्षस नसतो. तोही कारखान्याकडून उचल घेऊनच आलेला असतो. पण कोणत्या घराशी कधी जावे, हे त्याला नेमके कळते. आबांच्या घरी तो श्रावणात आला, धाकटा नातू शहरातल्या दवाखान्यात होता तेव्हा.

लोक म्हणतात, ही माणसे पैशाला भुलतात, उचल घेऊन बसतात. गेली वीस वर्षे मी या गावांत शिकवतो आहे. ज्यांनी चैनीसाठी उचल घेतली अशी घरे मला फार थोडी आठवतात. पोरीचे लग्न, पोराचा दवाखाना, आईचे डोळे, हीच कारणे. मरळ लोभाने गळाला लागली असे त्या सकाळी जे पाहत होते त्यांच्यापैकी कोणी म्हणाले नसते. तिने तोंड उघडले ते पिलांपायी. आमिष खोटे असते, पण त्यावर झडप घालायला लावणारी माया खरी असते, आणि गळ टाकणाऱ्याचा सगळा भरवसा त्या मायेवर असतो.

काठावर मरळ वजनात दोन किलो भरली. रस्त्यावरच्या खाणावळीवाल्याने ती जिवंतच नेली. मुलाने पैसे मोजून आबांच्या हातात दिले. आबांनी ते धोतराच्या सोग्यात बांधले.

“नात जाणार का बरोबर?” मी विचारले.

“ठिवा म्हनतो मी. हंगामी वसतिगृह हाय, म्या हाय. पर तिची माय म्हनती, आमी फडात गेल्यावर धाकट्याला कोन सांभाळंल? दवाखान्यातून उठलेलं लेकरू.” आबा थोडे थांबले. “तिचंबी खरंच हाय.”

स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी सरकारने शिक्षण हमी कार्ड केले आहे. ते घेऊन मूल जेथे जाईल तेथल्या शाळेत बसू शकते. फडापासून शाळा किती लांब, आणि कडेवर भाऊ असलेल्या मुलीने तेथे कसे जावे, हे कार्डावर लिहिलेले नसते. सोमवारी मी तिचे कार्ड भरून ठेवले. नाव लिहिले, इयत्ता लिहिली, वजाबाकी येते, वाचन चांगले, असे लिहिले. जाण्याच्या तारखेची जागा तेवढी कोरी ठेवली आहे. वर्गात ती पहिल्या रांगेत, खिडकीपाशी बसते. दिवाळीची सुट्टी कधी लागणार, हे तिने मला या आठवड्यात दोनदा विचारले.